विमानप्रवाशांचे समाधान व निष्ठा

प्रवासापूर्वीची अपेक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यांच्या तुलनेतून ग्राहकाचे समाधान ठरते, असे रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये मांडले. पुन्हा त्याच कंपनीकडे वळणे ही निष्ठा, आणि ती समाधानातून आपोआप उपजत नाही. भारतातील देशांतर्गत विमानसेवा याचा बोलका पुरावा आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या किंगफिशर या विमानकंपनीने जेवण, आसनापुढील मनोरंजनाचे पडदे व अगत्य यांवर नाव कमावले. तरी कर्जापायी २०१२ मध्ये तिची उड्डाणे थांबली. २००६ मध्ये आलेल्या इंडिगोने खाद्यपदार्थ विकत दिले, पण वक्तशीरपणा व जास्त फेऱ्या यांवर भर दिला. पुढे देशांतर्गत प्रवाशांपैकी निम्म्याहून अधिक तिच्याकडे गेले. सकाळी मुंबईहून दिल्लीला जाऊन रात्री परतणाऱ्याला गरम जेवणापेक्षा वेळेवर सुटणारे विमान मोलाचे वाटते.

बाजारातील वाटा म्हणजे निष्ठा नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. अनेक मार्गांवर दुसरा पर्यायच नसतो. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये आणलेल्या सवलतगुणांच्या योजनेसारख्या योजना निष्ठा घडवतात, असेही म्हटले जाते. पण साठलेले गुण गमावण्याची धास्ती म्हणजे विश्वास नव्हे. विश्वासाची खरी कसोटी उड्डाण रद्द झाल्यावर लागते. धुके कंपनीच्या हाती नसते, हे खरे. प्रवाशाला वेळीच कारण सांगणे आणि परतावा देणे मात्र तिच्याच हाती असते. ही कसोटी पडताळता यावी अशी वक्तशीरपणा, रद्द उड्डाणे व तक्रारी यांची आकडेवारी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दरमहा प्रसिद्ध करते.