थिबा राजाची पदच्युती आणि वर्तमान क्षणाचा शोध

रत्नागिरीचा थिबा पॅलेस आणि मोबाइलवरून ‘श्वासाकडे लक्ष द्या’ असे सुचवणारा आजचा माइंडफुलनेस यांचा परस्परांशी संबंध काय? वरवर पाहता काहीच नाही. तरीही दोहोंना जोडणारा एक धागा आहे आणि तो एका पराभवातून निघतो.

नोव्हेंबर १८८५. तिसऱ्या इंग्रज-बर्मी युद्धात मंडाले पडले आणि थिबा राजाची रवानगी हिंदुस्थानात झाली. १९१६ मध्ये रत्नागिरीतच त्याचा अंत झाला. (रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. इतिहासाला अशा अदलाबदली कशा सुचतात, कोण जाणे!)

बर्मी जनतेच्या दृष्टीने हा केवळ सत्तापालट नव्हता. राजा हा बुद्धशासनाचा रक्षणकर्ता. थिबाचे वडील मिंदोन यांनी अवघे त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरवून घेतले होते. नव्या सत्तेने ही जबाबदारी नाकारली. मग धर्म राखायचा कुणी?

लेडी सयाडो (१८४६–१९२३) या विद्वान भिक्खूने उत्तर दिले: सामान्य गृहस्थाने. हे उत्तर त्या काळी धाडसाचे होते. ध्यान ही अरण्यात राहणाऱ्या मोजक्या भिक्खूंची साधना मानली जाई. गृहस्थाने दान द्यावे, शील पाळावे, एवढेच अपेक्षित असे. लेडींनी सोप्या बर्मी भाषेत पुस्तिका लिहिल्या, गावोगावी अभ्यासमंडळे उभारली आणि अभिधम्म व विपश्यना शेतकरी-व्यापाऱ्यांपर्यंत नेली. ध्यानाला लोकचळवळीचे रूप आले ते येथून. प्राचीन परंपरा अखंड चालत आली, हे लोकप्रिय कथन म्हणूनच अपुरे वाटते. साधना जुनी खरी. तिचे सार्वत्रिकीकरण मात्र वसाहतकाळाचे अपत्य आहे.

शब्दाचा प्रवासही रंजक आहे. पाली ‘सति’ म्हणजे संस्कृत ‘स्मृती’, अर्थात आठवण! सिलोनमध्ये प्रशासकीय नोकरीत असताना पाली शिकलेल्या ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ च्या आपल्या सुत्तानुवादात ‘सति’साठी ‘माइंडफुलनेस’ हा शब्द योजला. पुढे तोच रूढ झाला. ‘सति’मध्ये ध्येयाचे व शिकवणीचे स्मरणही अभिप्रेत होते, आजच्या ‘फक्त या क्षणात राहा’ या सूत्रात तो अर्थ बराचसा गळून पडला आहे.

लेडींचे शिष्य सया तेजी हे व्यवसायाने शेतकरी. त्यांचे शिष्य ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल. त्यांनी कचेरीतल्या कर्मचाऱ्यांनाच ध्यान शिकवले. त्यांच्याकडे १९५५ मध्ये आले मंडालेत जन्मलेले उद्योजक सत्यनारायण गोएंका, असह्य अर्धशिशीने त्रस्त होऊन.

बर्मी चळवळीच्या निरनिराळ्या शाखा याच काळात पश्चिमेकडे पोहोचत होत्या. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात विपश्यना, झेन आणि हठयोगातील आसने यांची सांगड घालून दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. धार्मिक परिभाषा त्यांनी जाणीवपूर्वक बाजूला ठेवली.

गोएंका मात्र १९६९ मध्ये भारतात परतले. जुलैमध्ये मुंबईत झालेल्या त्यांच्या पहिल्या शिबिरात मोजून १४ जण होते. त्यांपैकी दोघे त्यांचे आई-वडील. सात वर्षांनी इगतपुरीत धम्मगिरी केंद्राची सुरुवात झाली.