तबकडीची लिपी

इतिहास शिकविणाऱ्या माणसाने व्हॉल्व्ह आणि कंडेन्सर यांच्याविषयी बोलावे, हे तुम्हांला थोडे चमत्कारिक वाटेल. पण ही गोष्ट मुळात पुराव्याची आहे. पुरावा हाती असून तो वाचता आला नाही, तर शिकलेला माणूसही कसा फसतो, ते मला सांगावयाचे आहे.

माझे गाव मैंदर्गी, अक्कलकोट तालुक्यातले. कर्नाटकाची सीमा जवळ, म्हणून आमच्या चावडीवर एखादे वाक्य मराठीत सुरू होते आणि कानडीत संपते. गाण्याला तर आमच्याकडे सीमा कधी ठाऊकच नव्हती. उत्तरेतल्या कैरान्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले. धारवाडकडच्या कुंदगोळचे रामभाऊ त्यांच्यापाशी शिकले आणि मराठी रंगभूमीवर सवाई गंधर्व म्हणून गाजले. आमच्या आजोबांच्या पेटीत खाँसाहेबांच्या जुन्या गाण्यांची एक मोनो लाँगप्ले तबकडी होती. खाँसाहेब १९३७ साली वारले. त्यांचा आवाज ऐकावयाचा, तर आता जुन्या ध्वनिमुद्रणांवाचून दुसरा मार्ग नाही.

काही वर्षांपूर्वी मी ती लावली. चुंबकी पिकअप घेतला आणि सरळ मायक्रोफोनच्या ॲम्प्लिफायरला जोडला. आवाज आला, पण कसा? दोऱ्यासारखा बारीक, कर्कश. डग्गा तर जणू वाजतच नव्हता. मी मनाशी म्हटले, जुन्या गवयांची उगाच स्तुती झाली आहे. एवढेच नव्हे, वर्गात मुलांनाही तसे सांगून मोकळा झालो! आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी ते ऐकले आणि हसून विचारले, "सर, मोडीतला कागद तुम्ही बाळबोध समजून वाचता का हो?"

त्यांचे म्हणणे असे. तबकडीवर आवाज जसाच्या तसा कोरलेला नसतो. आपल्या देशात १९०२ साली कलकत्त्यात गैसबर्ग या ध्वनिमुद्रकाने गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा वीज नव्हतीच. गाणारी कर्ण्यात गाई आणि त्या आवाजाच्या जोरावर सुई मेणात चर कोरी. ली द फॉरेस्टने १९०६ साली अमेरिकेत जाळी असलेला व्हॉल्व्ह केला. पुढे त्याच्या बळावर १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आणि विजेने ध्वनिमुद्रण सुरू झाले. मग एक अडचण ठळक झाली. खर्जाचे सूर कोरताना सुई फार रुंद हेलकावे घेते आणि शेजारच्या चरात घुसू पाहते. उलट, अगदी बारीक सूर तबकडीच्या खरखरीत बुडून जातात. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम दाबावयाचा, तार चढवावयाची, आणि ऐकताना बरोबर त्याच्या उलट करावयाचे, अशी युक्ती निघाली.

पण किती दाबावयाचे? प्रत्येक कंपनीचे माप निराळे. १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी, व्हिनिलची लाँगप्ले तबकडी निघाली, तरी हा घोळ चालूच होता. १९५४ साली तेथील ध्वनिमुद्रिका-उत्पादकांच्या संघटनेने एक माप ठरविले आणि हळूहळू जगाने ते स्वीकारले. त्याप्रमाणे २० आवर्तनांच्या खोल खर्जाला, मधल्या १,००० आवर्तनांच्या मानाने, ऐकताना सुमारे नऊ-दहापट उचलावे लागते. हे काम करणारे यंत्र म्हणजे पूर्ववर्धक, ज्याला आपण प्रीॲम्प्लिफायर म्हणतो. माझ्या जोडणीत तोच नव्हता! दोष खाँसाहेबांच्या गळ्यात नव्हता, माझ्या वाचनात होता.

मग आम्ही दोघांनी तो घरी केला. चुंबकी पिकअपमधून व्होल्टचा जेमतेम पाच-सहस्रांश भाग येतो. ईसीसी ८३ या एका व्हॉल्व्हच्या काचेत दोन ट्रायोड असतात. प्रत्येक जण आवाज पन्नास-साठपट वाढवितो. त्या दोघांच्या मधे रोधक आणि कंडेन्सर यांचे जाळे बसविले, की मोडीचे बाळबोध होते. मोनोला एकच वाट लागते, म्हणून एका व्हॉल्व्हवर भागते. पिकअप स्टीरिओचा असेल, तर त्याच्या दोन्ही वाटा एकत्र जोडाव्यात. मोनो तबकडीत गाणे फक्त सुईच्या आडव्या हालचालीत असते. वरखाली हालचाल होते ती धुळीची आणि ओरखड्यांची. दोन वाटा जोडल्या, की ती खरखर बरीचशी आपोआप गळून पडते.

आमची खरी परीक्षा घेतली ती घरघरीने. आपली वीज ५० आवर्तनांची, आणि हे जाळे नेमके तेथेच आवाज सुमारे सातपट उचलते. व्हॉल्व्हच्या तारेला एकदिश वीज दिली, ट्रान्सफॉर्मर हातभर दूर ठेवला, जमिनीची जोडणी एकाच ठिकाणी डाख देऊन पक्की केली, तेव्हा कोठे ती शमली. शिक्षकबंधूंना एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. या यंत्रात अडीचशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तो उरतो. जाणत्या माणसावाचून मुलांना त्याला हात लावू देऊ नका.

त्या रात्री तबकडी पुन्हा लावली. डग्गा घुमला. खाँसाहेबांचा आवाज बारीकच होता, पण कर्कश नव्हता. त्याच्या खाली आता जमीन होती. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी माझे आधीचे विधान मागे घेतले. मुले हसली, हसू दे.

तुमच्याही गावात कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या पेटीत अशा तबकड्या पडून असतील. भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्या पुसून उभ्या ठेवा, ऊन लागू देऊ नका. आणि ऐकून नावे ठेवण्याआधी एवढेच विचारा, की आपण ही लिपी नीट वाचली ना?