सांगाडा जुना, अंगरखा नवा

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा एक प्रसिद्ध संवाद आहे. राजा रथात बसून आला होता. नागसेनाने विचारले, “दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ? की चाके म्हणजे रथ?” राजाला प्रत्येक वेळी नकारच द्यावा लागला, आणि हे सारे भाग एकत्र आले म्हणजे व्यवहारात त्याला रथ म्हणतात, इतकेच अखेरीस त्याला म्हणता आले. १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे जवळजवळ हाच प्रश्न आला. फरक इतकाच, की रथाच्या जागी बेंटली मोटार होती आणि व्यवहार सुमारे एक कोटी पौंडांचा होता.

ही कथा समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी १९१९ मध्ये कंपनी स्थापन केली. १९३१ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली आणि रोल्स-रॉइसच्या ताब्यात गेली. या अल्पशा आयुष्यात तिच्या कारखान्यातून तीन हजारांच्या आसपास गाड्या बाहेर पडल्या. फ्रान्समधील ल मांची चोवीस तासांची शर्यत तिने १९२४ साली जिंकली, आणि पुढे १९२७ पासून १९३० पर्यंत लागोपाठ चार वर्षे जिंकली. बेंटलीचे नाव काढताच आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते ते या शर्यतींतले आहे : उघडी, चार आसनांची गाडी, लाकडी चौकटीवर ताणून बसविलेले रेक्झिनचे कापड, बॉनेटवर आवळलेला चामडी पट्टा, दिव्यांवर उडत्या खड्यांपासून रक्षण करणारी तारेची जाळी, मागे पेट्रोलची भली मोठी टाकी, आणि रंग गडद हिरवा.

वस्तुतः बेंटलीचा कारखाना संपूर्ण गाडी विकतच नसे. तो विकी सांगाडा, इंजिन, चाके आणि रेडिएटर. त्यावर अंग चढविण्याचे काम गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या बग्गीवाल्यांकडे सोपवी. व्हॅन्डन प्लास, एच. जे. मुलिनर, गर्नी नटिंग ही त्यांतली नामवंत घराणी. आणि गिऱ्हाइकांमध्ये शर्यतवीर ते किती असणार? डॉक्टर, गिरणीमालक, जमीनदार अशा अनेकांना पावसात न भिजता प्रवास करावयाचा होता. त्यांच्यासाठी बंद, काचेच्या खिडक्यांच्या, आत मऊ गाद्या असलेल्या सलून गाड्या बांधल्या गेल्या. आठ लिटर इंजिनाच्या बेंटलीचे तर अवघे १०० सांगाडे तयार झाले. त्यांच्या दोन चाकांतले अंतर १२ किंवा १३ फूट होते. अशा लांबलचक गाड्या धनिकांच्या दिवाणखान्यांसारख्या सजविलेल्या असत.

पुढे काळ फिरला. सांगाडा पोलादाचा, तो टिकला. अंगाची चौकट ॲश जातीच्या लाकडाची, तिला ओल लागली, सांधे ढिले झाले. जुनी सलून गाडी पाहता पाहता कवडीमोल झाली. अशा वेळी या गाड्यांवर जीव टाकणारे काही हौशी लोक पुढे आले. १९३४ मध्ये जुन्या क्रीडागाड्यांचा एक क्लब निघाला आणि १९३६ मध्ये खास बेंटलीवाल्यांचा. या मंडळींनी गाड्या भंगारातून वाचविल्या, यात शंका नाही. परंतु त्यांना हवी होती ती ल मांची बेंटली. मग सलूनचे कुजके अंग उतरवावयाचे, सांगाडा लांब असल्यास मधून कापून आखूड करावयाचा, आणि वर शर्यतीच्या गाडीसारखे नवे उघडे अंग चढवावयाचे, असा परिपाठ पडला. पुढे किंमती वाढल्या, तसा मोह अधिकच बळावला. कुजलेली अंगे उतरविली जात होती तोवर ठीक होते. नंतर धडधाकट अंगांवरही करवत चालली.

माझ्या नोकरीत जुन्या दफ्तरांशी संबंध येतो, म्हणून या प्रकाराची मला थोडी अधिक टोचणी लागते. फेरफाराची नोंद केली तर फेरफार हाही इतिहासच होय. परंतु मूळ कागद काढून त्या जागी अधिक सुंदर कागद लावला आणि त्यावर जुनाच क्रमांक घातला, तर त्याला आमच्याकडे वेगळे नाव आहे. या गाड्यांवर सांगाड्याचा क्रमांक खराच असतो. अंग मात्र कधीही न धावलेल्या शर्यतीची आठवण सांगते.

आता त्या खटल्याकडे वळू. ‘ओल्ड नंबर वन’ ही ‘स्पीड सिक्स’ जातीची गाडी १९२९ आणि १९३० अशी दोन्ही वर्षे ल मांला पहिली आली. पुढे शर्यतींसाठी तिच्यात बदल होत गेले. आठ लिटरचे इंजिनही बसले. १९३२ मध्ये ब्रुकलंड्सच्या शर्यतीत ती उतरणीच्या कडेवरून खाली गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी प्राणास मुकला. त्यानंतर तिच्यावर बंद कूप पद्धतीचे अंग चढले, आणि कालांतराने पुन्हा उघडे. १९९० मध्ये खरेदीदाराने ऐन वेळी पाय मागे घेतला. त्याचे म्हणणे, ही ती गाडीच नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांनी भाग मोजून पाहिले तेव्हा १९२९ च्या गाडीचे निश्चितपणे सांगता येईल असे जवळजवळ काही उरले नव्हते. १९३० च्या गाडीचे पायपट्ट्यांचा दांडा, गिअरपेटीचे आवरण आणि सुकाणूचा खांब एवढेच. तरीही त्यांनी निर्णय दिला तो विक्रेत्याच्या बाजूने. गाडीचे अस्तित्व कोठेही खंडित झाले नव्हते, आणि ‘ओल्ड नंबर वन’ या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नव्हती. हिला ‘मूळ स्वरूपातील’ म्हणता येणार नाही, परंतु ‘अस्सल’ म्हणता येईल, असा भेद त्यांनी केला. नागसेनाला हा निकाल फारसा परका वाटला नसता.

मला हा निकाल पटतो. पण त्याच न्यायाने कापलेल्या सलूनचे समर्थन होत नाही. ‘ओल्ड नंबर वन’चे प्रत्येक रूप तिच्या भोगातून आले होते, या दुसऱ्या गाड्यांचे रूप उसने आहे.

गंमत अशी, की बेंटलीचा एक सर्वांत लोकप्रिय पराक्रम बंद सलूननेच केलेला आहे. मार्च १९३० मध्ये कंपनीचे अध्यक्ष आणि ल मांचे विजेते वुल्फ बार्नाटो यांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कानहून निघून ‘ब्ल्यू ट्रेन’ या नामांकित आगगाडीशी स्पर्धा केली. रात्रभर पाऊस आणि धुके यांतून वाट काढीत, खाडी ओलांडून ते लंडनच्या आपल्या क्लबात पोहोचले, तेव्हा आगगाडीला कॅलेला पोहोचावयास अजून चार मिनिटे अवकाश होता. पुढे कित्येक वर्षे चित्रांतून आणि लेखांतून या पराक्रमाचा मान गर्नी नटिंग यांनी बांधलेल्या एका देखण्या, उतरत्या छताच्या कूपला मिळत राहिला. प्रत्यक्षात ती कूप बार्नाटो यांच्या हाती आली ती मे महिन्यात, स्पर्धा संपल्यावर. धावली होती ती मुलिनरने बांधलेली, चारचौघींसारखी दिसणारी सलून.