मनीऑर्डरवरचं म्हातारपण

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांज्याकडे हमखास ऐकू येतं, आपल्याकडे म्हाताऱ्यांना सांभाळायला पैसे मोजायची रीत नव्हती. इतिहास वेगळं सांगतो. कातळाच्या या मुलखात भात-नाचणीवर वर्ष निघत नसे; त्यात 1949चा खोती निर्मूलन कायदा होईपर्यंत खोताचं देणं होतंच. म्हणून तरणी माणसं मुंबईच्या गिरण्यांकडे वळली. 1921च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून अधिक लोक मुंबईत होते. मुंबईत गावकीच्या सामायिक खोलीत दाटीनं राहायचं, खाणावळीत जेवायचं आणि उरलेला पगार 1880 साली सुरू झालेल्या टपालाच्या मनीऑर्डरनं घरी धाडायचा, हा चाकरमान्याचा शिरस्ता. त्या पैशावर गावातल्या आईबापांचं औषधपाणी, मीठमिरची चाले. सेवा करायला सून घरी असे. तिच्या कष्टांचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही. म्हणजे सांभाळ फुकट नव्हताच. रोकड मुंबईहून येई, श्रम घरातल्या बाईचे असत.

ही व्यवस्था मुलांची माया आटली म्हणून मोडली, असं म्हणणं सोपं आहे. पण तिचे दोन्ही आधार निखळले. 18 जानेवारी 1982ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, आणि त्यांतल्या अनेकांना पुन्हा काम मिळालं नाही. त्यांच्या म्हातारपणाची सोयही तोकडी होती: भविष्य निर्वाह निधीची 1971ची योजना कुटुंबनिवृत्तीवेतनापुरतीच होती. हयात कामगाराला निवृत्तीवेतन देणारी योजना आली 1995च्या नोव्हेंबरात. ज्यांनी उमेदीत आईबापांना पैसे पाठवले, त्यांतल्या अनेकांच्या स्वतःच्या म्हातारपणाला फंड आणि ग्रॅच्युइटीपलीकडे काही उरलं नाही. दुसरीकडे सुना-मुलंही शहराकडे गेली. 2001 ते 2011 या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ 17 लाखांवरून 16 लाख 15 हजारांवर आली.

यावर म्हटलं जातं, घर आहे, कलमं आहेत, जमीन विकून खर्च भागवावा. पण कोकणातली जमीन बहुधा सामायिक. सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांच्या नावांची रांग असते, आणि सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत गरज थांबत नाही. सरकारकडे बोट दाखवलं तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007च्या कायद्यात जिल्ह्याला निदान एक, किमान 150 निराधारांचा वृद्धाश्रम सांगितला आहे, तोही राज्य काढू शकेल अशा ऐच्छिक भाषेत. श्रावणबाळ योजनेचे महिना 1,500 रुपये वर्षाला 21,000च्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी. जो निराधार नाही आणि सधनही नाही, तो दोन्हींच्या मधे अडकतो; लांज्यात असे अनेक.

तिसरा आक्षेप सर्वांत जड: पैशानं माया विकत मिळत नाही. खरं आहे, पण मनीऑर्डरनंही ती मिळत नव्हती, आणि तरी त्या पैशामुळे म्हातारी माणसं तगली. म्हणून आश्रम निवडताना लाजेपेक्षा हिशेब उपयोगी पडतो. अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतात का, रात्री माणूस असतं का, अनामत परत मिळते का, दवाखाना किती लांब, हे आधी विचारावं. मुंबईतल्या ग्राममंडळांनी वर्गणीतून देवळं आणि शाळा उभ्या केल्या. गावाजवळच्या सांभाळाचा खर्चही एका घराच्या माथी न मारता तसाच वाटून घेणं कोकणच्या परंपरेत बसतं, कारण म्हातारपणाचा खर्च गावाबाहेरून उचलणं हीच इथली जुनी रीत आहे.