मोट शिवणारे हात आणि गटाची पिशवी

गटाचं दप्तर ठेवायची आमची चॉकलेटी पिशवी तुमच्यापैकी अनेकींनी पाहिली असेल. पासबुकं, हजेरी, कर्जाच्या नोंदी, सगळं तिच्यात. घेताना दुकानदार म्हणाला होता, लेदर आहे, काही होत नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात तिचे पापुद्रे सुटले. पासबुकं उघडली की चॉकलेटी भुगा. आम्ही खोबरेल तेल चोळलं, तर पापुद्रे आणखीच निघाले.

गटातल्या एक चर्मकार मावशी हसायला लागल्या. म्हणाल्या, “तेल कातडं पितं गं. हे काय पिणार?”

मग विषय निघाला मोटेचा. इंजिन आणि विजेची मोटर येण्याआधी नगर जिल्ह्यातली बागायत मोटेवर होती. कातड्याची मोठी मोट, खाली लांब सोंड, बैल धावेवरून उतरले की पाणी थारोळ्यात. सतत पाण्यात राहूनही ते कातडं लवकर कुजत नसे, कारण ते कमावलेलं असे. चुन्यात भिजवून केस काढायचे, मग बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीच्या पाण्यात मुरवायचं. तरवड म्हणजे तोच, ज्याच्या पिवळ्या फुलांची माळ आपण घटाला घालतो. आपल्या अकोल्याच्या डोंगरात आदिवासी बाया गोळा करतात तो हिरडाही याच कामाचा. या सगळ्यांतला तुरटपणा कातड्याच्या धाग्यांना धरून ठेवतो. वरून तेल मुरवलं की कातडं मऊ राहतं.

हे काम ढोर आणि चर्मकार समाजाचं. मोबदला बलुत्याचा, म्हणजे सुगीला खळ्यावर मिळेल तेवढं धान्य. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ पुस्तकात ही बलुत्याची रीत आली आहे. खळ्यावर कुणी मापात हात आखडला, तर दाद कुणाकडे मागायची? आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मोट शिवायची त्यांनी, पण विहिरीला शिवायचं नाही. त्यांच्या हातच्या कातड्यातून आलेलं पाणी गाव पीत होतं. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला, तो का, हे या एका मोटेवरून कळतं. मावशींच्या सासूबाई हंडा घेऊन विहिरीपासून लांब उभ्या राहायच्या, कुणी वाढेल तेवढं पाणी घ्यायच्या. हे मावशी सांगत होत्या तेव्हा बैठकीत कुणीच काही बोललं नाही.

इंजिन, मोटर आल्या आणि मोट गेली. बलुतंही गेलं. त्याचं वाईट वाटायचं कारण नाही, पण हातातली कलाही बरीचशी त्याबरोबर गेली. १९७४ साली सरकारनं चर्मोद्योगासाठी महामंडळ काढलं, पुढं त्याला संत रोहिदासांचं नाव मिळालं. तरी बाजारात आज जास्त दिसते ती आमच्या पिशवीसारखी वस्तू.

हिला बाँडेड लेदर म्हणतात. कातड्याची उरलेली कात्रणं दळायची, त्यांचा लगदा चिकट द्रवानं थापायचा, वर प्लास्टिकचा पातळ थर देऊन कातड्याची छाप उठवायची. उष्णतेनं, घामानं तो थर तडकतो. गेलेला थर परत येत नाही, म्हणून तेल, मलम काही लावू नका.

मावशींनी काय केलं ते सांगतो. सुटलेले पापुद्रे चमच्याच्या कडेनं खरवडून काढले. ओल्या फडक्यानं पुसून पिशवी सावलीत वाळवली. जुन्या जीनच्या पॅन्टचं कापड बेतलं, दोन्ही बाजूंना सोल्युशनचा पातळ हात दिला आणि जरा सुकू दिला. ही घाई आम्ही केली असती. मग कापड दाबून बसवलं आणि कडेनं आरीनं, मेण लावलेल्या दोऱ्याचे टाके घातले. बंद पार गेले होते, तिथं नवारीची पट्टी लावली.

पैसे घ्यायला मावशी तयार नव्हत्या. “गटाचंच काम आहे की.” आम्ही ऐकलं नाही. पुढच्या बैठकीत ठराव करून खर्चाच्या वहीत लिहिलं: पिशवी दुरुस्ती, मजुरी १५० रुपये, रोख दिले. मावशींनी सही केली आणि विचारलं, रापी आणि नवीन आरी घ्यायला अंतर्गत कर्ज मिळेल का? अर्ज पुढच्या बैठकीत आहे. येताना फाटक्या पर्स घेऊन या.