हौशी प्रौढ बास्केटबॉल लीग : नियमावली कशी असावी?

रायपूर (छत्तीसगड) : नोकरी-व्यवसाय सांभाळून सायंकाळी किंवा सुटीच्या दिवशी मैदानावर उतरणाऱ्या प्रौढांच्या बास्केटबॉल लीग वसाहतींतून व मंडळांतून भरविल्या जातात. अशा स्पर्धांना मैदान व चेंडू मिळतो. उणीव राहते ती लिखित नियमांची. बाहेरून आणलेला खेळाडू चालेल का, उशिरा आलेल्या संघाचे काय करायचे, धक्काबुक्की झाल्यास निर्णय कोणी द्यायचा, हे आधी ठरलेले नसले की स्पर्धा वादात संपते आणि एकाच गल्लीत राहणाऱ्यांचे बोलणे बंद होते. रायपूरच्या समता कॉलोनीसारख्या निवासी वसाहतीत लीग सुरू करताना कोणते नियम आंतरराष्ट्रीय संहितेतून जसेच्या तसे घ्यावेत आणि कोणते स्थानिक गरजेनुसार बदलावेत, याची ही माहिती.

पार्श्वभूमी

बास्केटबॉलचा जन्मच दुखापती टाळण्याच्या गरजेतून झाला. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे शारीरिक शिक्षणाचे अध्यापक जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात बंदिस्त सभागृहात खेळता येईल असा खेळ शोधला. त्यांच्या मूळ १३ नियमांत चेंडू घेऊन धावण्यास व प्रतिस्पर्ध्याला ढकलण्यास मनाई होती. जाणूनबुजून इजा करणाऱ्याला उर्वरित सामन्यातून बाहेर काढले जात असे. आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फिबा’ची स्थापना १९३२ मध्ये झाली, तर भारतीय बास्केटबॉल महासंघ १९५० मध्ये अस्तित्वात आला.

मोहल्ल्यातील मैदानातून हा खेळ किती उंची गाठू शकतो, याचे ठळक उदाहरण मुंबईतील नागपाडा आहे. तेथील दाट वस्तीत प्रशिक्षक बच्चू खान यांनी खेळाडू घडविले. भारतीय संघाचे कर्णधार व १९७० चे अर्जुन पुरस्कार विजेते गुलाम अब्बास मुंतसिर हे तेथूनच पुढे आले. छत्तीसगडमध्ये भिलाई आणि राजनांदगाव ही या खेळाची प्रमुख केंद्रे आहेत. भिलाईचे प्रशिक्षक राजेश पटेल यांनी राज्याच्या महिला बास्केटबॉलला देशपातळीवर ओळख मिळवून दिली. रायपुरात समता कॉलोनीला लागूनच चौबे कॉलोनी असून मराठी भाषकांचे महाराष्ट्र मंडळही तेथे आहे.

मैदान व साहित्य

फिबाच्या संहितेनुसार मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. रिंगची उंची ३.०५ मीटर, तर तीन गुणांच्या रेषेचे अंतर ६.७५ मीटर असते. पुरुषांसाठी ७ क्रमांकाचा, महिलांसाठी ६ क्रमांकाचा चेंडू वापरतात. वसाहतीतील मैदान आकाराने लहान असल्यास हरकत नाही. रिंगची उंची मात्र बदलू नये. फलकाचा खांब मैदानरेषेच्या फार जवळ असेल तर त्यावर जाड गादी बांधणे सक्तीचे करावे. अंगठी, घड्याळ, कडे, साखळी काढूनच खेळावे, नखे कापलेली असावीत. रक्त येत असलेल्या खेळाडूला बदलावे आणि रक्तस्राव थांबून जखम पूर्ण झाकली गेल्यावरच परत घ्यावे.

पुरेशी जागा किंवा खेळाडू नसल्यास ‘तीन विरुद्ध तीन’ हा पर्याय आहे. टोकियो ऑलिंपिकपासून समाविष्ट झालेल्या या प्रकारात एकच रिंग लागते, संघात एका राखीवासह चार खेळाडू असतात आणि सामना १० मिनिटांचा असतो. त्याआधी २१ गुण करणारा संघ विजयी ठरतो.

पात्रता : वादाचे पहिले कारण

हौशी लीगमधील बहुतेक भांडणे खेळापेक्षा संघाच्या यादीवरून होतात. संहितेत सामन्यासाठी कमाल १२ खेळाडूंची मुभा आहे. स्थानिक लीगने १० ची मर्यादा ठेवल्यास प्रत्येकाला खेळायला मिळते. यादी पहिल्या सामन्यापूर्वी बंद करावी. किमान वय १८ ठेवावे. रहिवासी, भाडेकरू, जवळचे नातेवाईक आणि पाहुणे खेळाडू यांची व्याख्या लिहून ठेवावी. राज्य किंवा विद्यापीठ संघातून सध्या खेळणारा खेळाडू घ्यायचा असल्यास एका वेळी मैदानावर असा एकच, ही अट उपयोगी ठरते. यादीतील प्रत्येक उपस्थित खेळाडूला किमान एक सत्र खेळविण्याचे बंधनही घालता येते. ही अट नसेल तर वर्गणी भरूनही बाकावर बसून राहणारे पुढच्या वर्षी येत नाहीत.

मिश्र संघ असल्यास महिलांची किमान संख्या व चेंडूचा आकार आधीच जाहीर करावा. चाळिशी-पन्नाशीच्या खेळाडूंसाठी वेगळा वयोगट ठेवणे श्रेयस्कर. याच वर्गासाठी ‘मॅक्सीबास्केटबॉल’ ही आंतरराष्ट्रीय चळवळ १९९१ पासून वयोगटनिहाय जागतिक स्पर्धा भरवीत आली आहे.

वेळ व गुण

अधिकृत सामना १० मिनिटांच्या चार सत्रांचा असून शिट्टी वाजताच घड्याळ थांबते. वसाहतीत असा सामना दीड तासाहून अधिक चालू शकतो. म्हणून घड्याळ सलग चालवून केवळ टाइम-आउटला आणि चौथ्या सत्राच्या अखेरच्या दोन मिनिटांत ते थांबविण्याची पद्धत सोयीची. बरोबरी झाल्यास संहितेप्रमाणे पाच मिनिटांचा जादा काळ द्यावा. आक्रमणासाठी २४ सेकंदांची मर्यादा असते; स्वतंत्र घड्याळ नसल्यास पंचांनी शेवटचे १० सेकंद मोठ्याने मोजावेत.

नियोजित वेळेनंतर १५ मिनिटांत पाच खेळाडू उभे करू न शकणारा संघ सामना गमावतो व प्रतिस्पर्ध्याला २०-० असा विजय मिळतो. विजयास दोन, पराभवास एक आणि अशा गैरहजेरीस शून्य गुण मिळतात. मैदानावर न येणे हे हरण्याहून कमी प्रतीचे मानणारा हा नियम हौशी लीगने अवश्य घ्यावा. दोन संघांचे गुण समान झाल्यास प्रथम त्यांच्यातील परस्पर सामन्याचा निकाल पाहावा.

सहा संघांच्या साखळीत १५ सामने होतात. दर रविवारी तीन सामने घेतल्यास पाच आठवड्यांत साखळी पूर्ण होते. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धक वापरण्यास ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार मनाई आहे; वेळापत्रक त्यानुसार आखावे.

फाउल व शिस्त

पाच वैयक्तिक फाउल झालेला खेळाडू सामन्याबाहेर जातो. एका सत्रात संघाचे चार फाउल झाल्यानंतर बचाव करणाऱ्या संघाच्या पुढील प्रत्येक वैयक्तिक फाउलला प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो मिळतात. पंचांशी हुज्जत, शिवीगाळ यांसाठी तांत्रिक फाउल असून त्यास एक फ्री थ्रो दिला जातो. चेंडू सोडून खेळाडूवर केलेल्या प्रहाराला खिलाडूवृत्तीविरोधी फाउल म्हणतात. त्यास दोन फ्री थ्रो व चेंडूचा ताबा अशी शिक्षा आहे. या दोहोंपैकी कोणतेही दोन फाउल एकाच खेळाडूचे झाल्यास तो अपात्र ठरतो.

मारामारीबाबत स्थानिक नियम अधिक कठोर असावा. हात उगारणाऱ्यास त्या सामन्यातून तत्काळ बाहेर काढावे व पुढील किमान एका सामन्याची बंदी घालावी. पुन्हा तसे घडल्यास उर्वरित स्पर्धेतून वगळावे. बाकावरून उठून भांडणात शिरणाऱ्यालाही हीच शिक्षा लागू असावी.

पंच शक्यतो न खेळणाऱ्या संघांतून आळीपाळीने घ्यावेत. फाउल दिला की नाही, यासारख्या निर्णयांवर तक्रार चालणार नाही. गुणलेखनातील चूक किंवा अपात्र खेळाडू यांविषयीचीच तक्रार कर्णधाराने सामना संपताच लेखी द्यावी. ती तीन सदस्यांच्या समितीने ४८ तासांत निकाली काढावी. संबंधित संघाचा सदस्य त्या प्रकरणात बसू नये.

आरोग्य व सुरक्षितता

अचानक धावणे, उडी मारणे व दिशा बदलणे यांचा ताण घोटा, गुडघा व हृदयावर येतो. आठवडाभर बैठे काम करणाऱ्या प्रौढाला हा धोका अधिक. चाळिशीपुढील तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच नाव द्यावे. सामन्यापूर्वी १० मिनिटे शरीर गरम करण्याचे व्यायाम करावेत. छातीत दुखणे, घेरी येणे, डोक्याला मार लागणे यांपैकी काहीही झाल्यास खेळाडूने त्या दिवशी परत उतरू नये, मग सामना कितीही चुरशीचा असो. रायपुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. एप्रिल ते जूनमध्ये सामने सूर्यास्तानंतरच ठेवावेत व दर सत्रानंतर पाण्यासाठी विश्रांती द्यावी. प्रथमोपचार पेटी, बर्फ, रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक आणि प्रत्येक खेळाडूच्या घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक गुणलेखकाच्या मेजावर असावा.

प्रारंभापूर्वी

नियमावली दोन पानांहून मोठी नसावी. जिथे स्थानिक नियम नाही तिथे फिबाची संहिता लागू राहील, असे एक कलम त्यात असले की अनुल्लेखित प्रश्न सुटतात. वर्गणीचा हिशेब सर्व संघांना दाखवावा. सर्व कर्णधारांच्या स्वाक्षऱ्या झाल्यावरच पहिला सामना घ्यावा आणि स्पर्धा चालू असताना कोणताही नियम बदलू नये. सुचलेल्या दुरुस्त्या पुढील हंगामासाठी नोंदवून ठेवाव्यात.