सुंठवडा आणि जर्मनीची मधपोळी

रामनवमीला भर दुपारी बारा वाजता पाळण्याची दोरी ओढतात, गुलाल उडतो, आणि मग पुजारी आपल्या तळहातावर चिमूटभर सुंठवडा ठेवतो. गोकुळाष्टमीला मध्यरात्री तेच. एरवी देवाला पेढा चालतो, मोदक चालतो. मग जन्माच्याच वेळी हा तिखटगोड, कोरडा भुगा कशाला?

याचं उत्तर पोथीत शोधण्यापेक्षा सुइणीला विचारावं. बाळंतिणीला सुंठ, गूळ नि तूप देतात, डिंकाचे लाडू देतात. अंगात ऊब राहावी, अन्न पचावं, वात धरू नये, हा हेतू. सुंठवड्यात तरी दुसरं काय असतं? सुंठीची पूड, भाजलेलं सुकं खोबरं, पिठीसाखर, खसखस, वेलची. ऐपत असली तर खारीक-बदाम. माझ्या मते हा प्रसाद देवाचा कमी आणि देवाच्या आईचा जास्त आहे. कौसल्या बाळंत झाली, देवकी बाळंत झाली; त्यांच्या खुराकातला घास गावानं वाटून घ्यायचा. पाळणा सजवताना आपण बाळाकडेच पाहतो, बाळंतीण मात्र या चिमटीत उरली आहे. ज्या घरात खऱ्या बाळंतिणीला सुंठ-तूप मिळत नाही, त्या घरातही हा प्रसाद डोक्याला लावून खातात, हे मला नेहमी खटकतं.

आता जरा दूर जाऊ. ओलं ते आलं, वाळलं की सुंठ. वाळल्यामुळे ती महिनोन् महिने जहाजात टिकते, म्हणून ती परदेशी गेली. आपला संस्कृत ‘शृंगवेर’ शब्दही तिच्याबरोबर गेला. ग्रीक, लॅटिन अशा वळणांनी जाऊन जर्मन भाषेत ‘इंगवर’ झाला. तिकडे मठांतले साधू मध, पीठ आणि मसाले मळून एक पोळी भाजत. तिचं नाव लेबकूखेन. कुठे कुठे तिला ‘मिरीची पोळी’ म्हणतात. तिच्यात मिरी असेलच असं नाही, बरं का! समुद्रापलीकडून आलेला सगळा मसाला त्यांच्या लेखी मिरीच.

न्यूरेंबर्ग शहर या पोळीसाठी प्रसिद्ध झालं, कारण भोवतालच्या रानात मध मुबलक होता आणि व्यापाराचे रस्ते तिथे मिळत होते. १५०५ साली फ्रान्सिस्को द आल्मेदाचा पोर्तुगीज काफिला हिंदुस्थानाकडे निघाला, तेव्हा त्यातल्या तीन जहाजांत जर्मन व्यापाऱ्यांचा पैसा होता. त्यांत न्यूरेंबर्गची इमहोफ आणि हिर्शफोगेल ही घराणीही होती. त्याच काफिल्यातून आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो आला. पुढे मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराशी लढताना तो मारला गेला, तो आपल्या चौलच्या खाडीत. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तीच ही जागा. मसाल्याच्या व्यापारावर ताबा कुणाचा, हाच त्या लढाईचा मुद्दा होता.

न्यूरेंबर्गात १६४३ मध्ये या पोळीवाल्यांची बेकरीवाल्यांपासून वेगळी श्रेणी झाली. आपल्याकडे सुंठवड्याची श्रेणी कधी झाली नाही. ज्याच्या घरी खलबत्ता, तो कुटणार.

त्यांचे लाकडी साचे मात्र पाहण्यासारखे असतात. राजे, घोडेस्वार, संत, तान्ही बाळं लाकडात उलटी कोरायची, म्हणजे पोळीवर सुलटी उठतात. हमरापूर-जोह्याकडच्या मूर्तिकारांना ही उलट्या-सुलट्याची विद्या समजावून सांगायला नको.

शिक्षकांसाठी एक गोष्ट. ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या हान्सेल आणि ग्रेटेलच्या कथेत चेटकिणीचं घर पावाचं आहे, छप्पर केकचं आणि खिडक्या साखरेच्या. त्याला मसाल्याच्या पोळीचं घर म्हणण्याची चाल पुढे वाढली. १८९३ च्या हुम्परडिंकच्या संगीतनाटकाचा त्यात मोठा वाटा आहे. कथेतली मुलं रानात कशी आली, हे वर्गात विसरू नये. घरात अन्न नव्हतं, म्हणून आईबापांनी त्यांना तिथे नेऊन सोडलं होतं. उपाशी पोरांना दिसलेलं ते घर आहे.

जर्मन जत्रेत या पोळीची बदामाच्या आकाराची पदकं फितीला बांधून गळ्यात घालतात. आपल्याकडे होळी-पाडव्याला साखरेच्या गाठी पोरांच्या गळ्यात असतात. त्याही लाकडी साच्यातच ओततात. आत आधी दोरा ठेवायचा आणि वरून गरम पाक सोडायचा.